शेक घेऊन गावी परतलेली बाई: पुढच्या तपासणीत नेमकं काय बघायचं

प्रश्न एका उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा आहे. त्यांच्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या तीन बायका आहेत. एकीला उपचारानंतर सव्वा वर्षाने संडासवाटे रक्त जायला लागलं आहे. दुसरीचा डावा पाय सुजला आहे. तिसरी "मले काई होत नाही" म्हणत तारखेला जातच नाही. गावात काय तपासायचं, सीटी स्कॅन आणि पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किती वेळा, आणि नागपूरला कधी धाडायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

तिघींच्या बाबतीत सुरुवात एकाच कागदापासून करा. शेक संपताना रुग्णालय उपचाराचा सारांश देतं. त्यावर आजार कुठला, स्टेज कोणती, बाहेरून किती शेक झाले (बहुतेक वेळा 25 ते 28, एकूण 45 ते 50 ग्रे; ग्रे हे शेकाचं माप), आतून दिलेले म्हणजे ब्रॅकीथेरपीचे किती, सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचे किती डोस झाले आणि शेवटच्या शेकाची तारीख काय, एवढं असतं. गर्भाशयाची पिशवी काढली आहे की जागेवर आहे, हेही त्यातूनच कळतं. हा कागद पावसाळ्यात भिजतो, घराच्या डागडुजीत हरवतो. म्हणून त्याचा फोटो बाईच्या घरच्या फोनमध्ये, आशाताईंच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. बाईला आणि घरच्यांना एक वाक्य पाठ करून द्या: "माझ्या ओटीपोटावर शेक झालेला आहे." कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही तक्रारीसाठी गेलं तरी हे वाक्य आधी. शेकानंतरचं काही नुकसान शेकाने होत नाही, समोरच्याला शेक झाल्याचं माहीत नसल्याने होतं.

वेळापत्रक असं आहे. शेक संपल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पहिली भेट. तिसऱ्या महिन्यात आजार पूर्ण गेला की नाही याची पक्की तपासणी. मग पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि त्यापुढे वर्षातून एकदा, कायम. आजार परत यायचा असेल तर बहुतांश वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून सुरुवातीला भेटी दाट. पाच वर्षांनंतरही वर्षाची भेट ठेवायची ती मूत्राशयातून रक्त, फिस्टुला (योनीमार्ग आणि मूत्राशय किंवा गुदाशय यांच्यामध्ये पडलेलं भोक), आतडं आवळणं अशा गोष्टींसाठी. या दहा-पंधरा वर्षांनीही उगवतात.

आपल्याकडे तारीख का चुकते हे तुम्हाला माहीतच आहे. ती सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या ऐन भरात येते, पूर्वेकडे भाताच्या रोवणीत येते. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. तारीख दोन आठवडे मागेपुढे झाली तर बिघडत नाही. पूर्ण एक फेरी गळली की सहा महिने कोणी आत बघितलेलं नसतं, आणि ते महागात पडतं. म्हणून हंगाम आणि पाऊस बघून तारीख आधीच सरकवून घ्या. कॅन्सर रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत भाड्याची सवलत आहे, त्याचा दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयातून पहिल्याच भेटीत मागून ठेवावा. दूरच्या गावांसाठी एक भेट कॅन्सर केंद्रात आणि मधली जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, असं आलटूनपालटून चालतं. अट एकच: तिथे आतून हाताने तपासणी झाली पाहिजे. नुसती सोनोग्राफी करून "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवणं म्हणजे तपासणी झालेली नाही.

आता सीटी आणि पॅप. तक्रार नसलेल्या बाईचा दर भेटीला सीटी काढण्याची गरज नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा एमआरआय किंवा पेट स्कॅन, तोही स्टेज पुढची असेल आणि सोय असेल तर. त्याआधी पेट काढू नये, शेकाची सूज अजून असते आणि ती आजारासारखी चमकते. पॅप टेस्ट शेकानंतर फारशी कामाची नाही. शेकाने पेशींचं रूप बदलतं, रिपोर्टमध्ये "असामान्य पेशी" येतात आणि बाई विनाकारण हादरते. तुमच्या उपकेंद्रावर गर्भाशयमुखाच्या तपासणीचं शिबिर असतं, व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघतात, त्या रांगेत या बायकांना बसवू नका. ती चाचणी निरोगी बायकांसाठी आहे. शेकाने पांढुरक्या झालेल्या त्वचेवर तिचा अर्थ लागत नाही.

गावात तुम्ही करायचं ते साधं आहे आणि दर महिन्याला करता येतं. वजन करा. तीन महिन्यांत तीन-चार किलो उतरलं आणि कारण दिसत नसेल तर थांबू नका. हिमोग्लोबिन करा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आलं की सिकलसेलची चाचणी आधी झाली आहे का ते बघा, नाहीतर सगळा दोष रक्तस्रावावर जातो. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या वरच्या खोबणीत बोटं फिरवून गाठ लागते का बघा, मग दोन्ही जांघांत. दोन्ही पायांचा घेर टेपने मोजा: गुडघ्याच्या वर 10 सेंमी आणि खाली 10 सेंमी, दर वेळी त्याच जागी, आणि आकडा वहीत लिहा. मग प्रश्न विचारा, आणि नावं घेऊन विचारा. "काही त्रास आहे का?" याचं उत्तर "नाही"च येतं. "संडासात रक्त दिसतं का? लघवी लागली की थांबवता येते का? रात्री संडासला उठावं लागतं का? कंबर दुखते ती चालताना की झोपल्यावरही? अंगावरून लाल किंवा घाण वासाचं जातं का? आतून तपासताना दुखतं का?" असं एकेक विचारा.

पहिल्या बाईचं संडासवाटे रक्त. शेकानंतर नऊ महिने ते दोन वर्षांच्या काळात सुरू होणारं रक्त बहुतेक वेळा गुदाशयाच्या शेकाचा उशिरा येणारा परिणाम असतो. गर्भाशयमुख आणि गुदाशयाची पुढची भिंत एकमेकांना लागून आहेत, आतून दिलेल्या शेकाचा मोठा वाटा तिथे पोहोचतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या काही महिन्यांनी बुजतात, त्यांच्या जागी नव्या, नाजूक, फुगीर रक्तवाहिन्या येतात. कडक संडासने खरचटलं की त्या फुटतात. म्हणून रक्त लाल असतं, दुखत नसतं, थेंब थेंब किंवा धार असते.

गावात याला मूळव्याध समजतात, आणि खरा धोका तिथे आहे. मूळव्याधीचं इंजेक्शन, रबर बँड, क्षारसूत्र, यातलं काहीही शेक झालेल्या गुदाशयाला लावलं तर ती जखम भरत नाही. तिथून योनीमार्गात भोक पडू शकतं आणि संडास योनीतून यायला लागते. दुर्बिणीने बघताना "तुकडा घेऊन बघू" म्हणून पुढच्या भिंतीचा नमुना घेतला तरी हेच होऊ शकतं. बाईसोबत चिठ्ठी देताना त्यावर स्पष्ट लिहा: ओटीपोटावर शेक झालेला आहे, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेऊ नये. एकदा दुर्बिणीने तपासून घेणं मात्र आवश्यकच. वय जास्त असेल, संडासची सवय बदलली असेल तर मोठ्या आतड्याचा वेगळा कॅन्सर नाही ना, हे बघावं लागतं.

आठवड्यातून एखाद वेळ थेंबभर रक्त आणि हिमोग्लोबिन टिकून असेल तर संडास मऊ ठेवणं हाच उपचार. एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत. पाणी कमी पडलं तर उलट घट्ट होतं. कुंथायचं नाही, साबणाच्या पाण्याचा एनिमा घ्यायचा नाही. रक्त रोज असेल तर सुक्राल्फेटचा एनिमा, हा घरी जमण्यासारखा उपाय आहे. 10 मिलीमध्ये 1 ग्रॅम असलेलं सुक्राल्फेटचं पातळ औषध मिळतं, त्यातलं 20 मिली, म्हणजे 2 ग्रॅम, सकाळी संडास झाल्यावर आणि रात्री झोपताना. बाईला डाव्या कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी. मऊ रबरी नळी जेली लावून पाच-सहा सेंमी आत, जोर न लावता. 20 मिलीच्या सिरिंजने सावकाश सोडा, अर्धा तास तरी तसंच पडून राहू द्या. लेबलवर साखर किंवा दुसरं औषध मिसळलेलं नाही ना हे बघा. ॲसिडिटीची मिश्र सिरपं यासाठी चालत नाहीत. चार आठवडे नेमाने केल्याशिवाय फरक दिसत नाही, आणि बायका आठव्या दिवशी सोडून देतात, म्हणून मधे एकदा घरी जाऊन या. एवढं करून रक्त थांबलं नाही तर मोठ्या केंद्रात दुर्बिणीतून आर्गॉनने रक्तवाहिन्या जाळतात किंवा 4 टक्के फॉर्मेलिन लावतात. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं, किंवा चक्कर, धाप असेल तर एनिमाची वाट बघायची नाही, रक्त चढवायला पाठवा.

दुसरीचा सुजलेला पाय. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे, त्यामुळे सुजलेला पाय दिसला की रात्रीचं रक्त घेऊन डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या, गोळ्या सुरू होतात. शेक झालेल्या बाईच्या एका पायाची नवी सूज तीन गोष्टींची असू शकते, आणि हत्तीरोगाचा विचार त्यानंतर. पहिली, पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी: काही दिवसांत चढलेली, पोटरी ताठ, गरम, दुखरी. ही त्याच दिवशी पाठवायची, आणि तो पाय अजिबात चोळायचा नाही. दुसरी, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीशी परत आलेला आजार. एका बाजूचा पाय सुजणं, त्याच बाजूला कुल्ल्यातून मांडीमागे उतरणारी कळ, आणि सोनोग्राफीत त्याच बाजूचं मूत्रपिंड फुगलेलं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आजार परत आला आहे असंच धरून चालावं. तिसरी, शेकाने आणि ऑपरेशनने लसिकावाहिन्या (अंगातलं लसिका नावाचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) बंद पडल्यामुळे येणारी सूज: सावकाश, महिनोन्महिने वाढणारी, न दुखणारी. दोन्ही पायांच्या घेरात 2 सेंमीपेक्षा जास्त फरक पडला की केंद्रात कळवा आणि पोटाची सोनोग्राफी व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.

तपासण्यांनंतर सूज लसिकेची निघाली तर पाय जपणं हे रोजचं काम होतं. बोटांच्या मधली जागा धुऊन पूर्ण कोरडी करणं, भेगांना तेल, दिवसातून दोन-तीनदा पाय उंचावर. रोवणीत तासन्‌तास चिखलात उभं राहिलं की भेगांतून जंतू शिरतात, पाय लालभडक होतो, थंडी वाजून ताप येतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज एक पायरी वर चढते. त्या हंगामात तिला बांधावरची कामं देता येतील का, हे घरच्यांशी बोलून बघा.

या दोन्ही बायकांना कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नका, दुसऱ्याला देऊ देऊ नका. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंड आधीच दमलेलं असतं, त्यात मूत्रवाहिनी आवळली असेल तर हे इंजेक्शन मूत्रपिंड बंद पाडू शकतं. पॅरासिटामॉल द्या आणि क्रिएटिनिन बघा. कंबर उभं राहिल्यावर, चालल्यावर जास्त दुखत असेल तर माकडहाडाच्या वरच्या हाडाला शेकामुळे बारीक चीर गेलेली असू शकते. एक्स-रेमध्ये ती बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते, आणि तीही कॅन्सर हाडात गेला म्हणून वाचली जाण्याची भीती असते. अशा वेळी स्कॅन शेक देणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवा.

आता तिसरी, जिला काही होत नाही. तिच्याकडे जास्त लक्ष द्या. अशा बाईला बहुतेक वेळा त्रास असतो, पण तो सांगायचा नसतो. शेकानंतर योनीमार्ग कोरडा, आखूड आणि अरुंद होत जातो. समोरासमोरच्या भिंती चिकटतात. नवऱ्याजवळ जाणं दुखतं म्हणून टाळलं जातं, आणि तपासणीही तितकीच दुखते म्हणून तीही टाळली जाते. भिंती पूर्ण चिकटल्या तर गर्भाशयमुख दिसत नाही, म्हणजे आजार परत आला तरी बघायची वाटच बंद. म्हणून मार्ग उघडा ठेवणं विधवेसाठी आणि साठीच्या आजीसाठीही तितकंच गरजेचं आहे. हे कारण त्यांना सांगितलं की संकोच कमी होतो.

यासाठी डायलेटर वापरतात: गुळगुळीत, गोल टोकाची प्लॅस्टिक किंवा सिलिकॉनची नळी, वेगवेगळ्या जाडीची. शेकाची जळजळ शमल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आणि उशिरात उशिरा आठ आठवड्यांच्या आत सुरुवात करावी. सर्वांत बारीक आकारापासून. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, जेली लावायची, बाहेर सोडलेल्या श्वासाबरोबर हलकेच आत, जिथे अडेल तिथे थांबायचं, ढकलायचं नाही. पाच ते दहा मिनिटं ठेवून हळूच गोल फिरवत बाहेर. आठवड्यातून तीन वेळा. साबणाने धुऊन, कोरडं करून, स्वच्छ कापडात. गुलाबीसर डाग पडला तर घाबरायचं नाही. ताजं रक्त वाहिलं तर थांबायचं आणि दाखवायचं. सहज जाऊ लागलं की पुढची जाडी. हे दोन-तीन वर्षं तरी, आणि पुढेही जमेल तितकं. डायलेटर मिळाला नाही तर नख कापलेलं स्वच्छ बोट, जेली लावून, तेच काम करतं. जेली नसेल तर डायलेटरला खोबरेल तेल चालेल, पण निरोधसोबत तेल नको, रबर फाटतं. एका खोलीच्या घरात हे कुठे करायचं, हाच खरा प्रश्न असतो. न्हाणीत, आंघोळीच्या वेळी, एक पाय पाटावर ठेवून उभ्यानेही जमतं, हे आपण होऊन सुचवा.

नवरा-बायको म्हणून जवळ यायला सहा ते आठ आठवड्यांनंतर, रक्त नसेल आणि दुखत नसेल तर, काही हरकत नाही. कॅन्सर नवऱ्याला लागत नाही, शेक अंगात उरत नाही. हे नवऱ्याला वेगळं बसवून सांगा. बायकोने सांगितलेलं त्याला पटेलच असं नाही. कोरडेपणासाठी इस्ट्रिऑलचं मलम मिळतं, पण ते केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच, पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर नक्कीच. चाळिशीच्या आतल्या बाईची पाळी शेकाने कायमची बंद होते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. तिला हार्मोनच्या गोळ्या देता येतील का, हा प्रश्न तिच्या वतीने तुम्हीच चिठ्ठीवर लिहून पाठवा. पिशवी जागेवर असेल तर या गोळ्यांत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं.

एक गोष्ट गावात हमखास निसटते. शेकाने गर्भाशयमुखाचं तोंड बुजतं आणि पिशवीत पू साठतो. ओटीपोटात दुखतं, ताप येतो-जातो, मधेच घाण वासाचं पाणी जातं आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. "पांढरं जातं" म्हणून गोळ्या-कॅप्सूल चालू राहतात. सोनोग्राफीत पिशवी पाण्याने फुगलेली दिसली की ती केंद्रात रिकामी करावी लागते, आणि आत आजार आहे का हे बघावं लागतं. "पिशवीच काढून टाकू" असं कोणी म्हणालं तर थांबवा. पूर्ण शेक झालेल्या ओटीपोटातली पिशवी काढणं हे नेहमीचं ऑपरेशन नाही. मूत्राशयाला, आतड्याला भोक पडण्याचा धोका कितीतरी जास्त असतो आणि तो निर्णय कॅन्सर सर्जनचाच.

लगेच पाठवायचं ते असं. अंगावरून धो-धो रक्त: योनीत स्वच्छ गॉज घट्ट भरा, सलाईन लावा, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून, आणि 108. लघवीतून रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडली. पोट फुगून उलट्या, वारा सरत नाही. लघवी कमी झाली, मळमळ आणि उचकी थांबत नाही. यात मूत्रपिंड बंद पडत असतं, वेळेत नळी टाकली तर वाचतं. योनीतून लघवी किंवा संडास गळतेय. गळ्यात किंवा जांघेत गाठ.

पाठवताना सारांशाचा फोटो, तुमच्या वहीतले वजनाचे आणि पायाच्या घेराचे आकडे, ताजं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी सोबत द्या. ग्रामीण रुग्णालयातून क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी होऊन आली असेल तर केंद्रात त्याच दिवशी पुढचं ठरतं. नाहीतर पहिला दिवस याच तपासण्यांच्या रांगेत जातो आणि बाई मुक्कामी अडकते.